स्तनाचा कर्करोग पसरतो तेव्हा रोगप्रतिकारक पेशी काय करत असतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्तनातली गाठ स्तनातच राहिली तर सहसा जीव जात नाही. ती फुफ्फुसात, हाडांत, यकृतात किंवा मेंदूत पोचली की धोका होतो. ग्लोबोकॅन या कर्करोगाच्या जागतिक आकडेवारीच्या अंदाजानुसार २०२२ साली भारतात स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण होते आणि सुमारे ९८ हजार मृत्यू झाले. म्हणजे खरा प्रश्न पसरण्याचा आहे. या पसरण्यात आपल्याच रोगप्रतिकारक पेशींचाही हात असतो म्हटल्यावर लोक चक्रावतात, आणि मग प्रश्नांची सरबत्ती सुरू होते. त्यांतले नेहमीचे प्रश्न इथे घेतले आहेत. उपचारांचे निर्णय मात्र तुमच्या ऑन्कॉलॉजिस्टशी बोलूनच घ्या.

पसरायला निघालेली कर्करोगाची पेशी चालते म्हणजे नेमकं काय करते?

पेशीच्या आत ॲक्टिन नावाच्या प्रथिनाचे धागे असतात. पुढच्या बाजूला हे धागे भराभर जुळत जातात, त्यामुळे पेशीचं आवरण पुढे ढकललं जातं. ही पुढची कडा खालच्या तंतूंना चिकटते आणि मग मागची बाजू आकसून सुटते. वेग मिनिटाला काही मायक्रोमीटर, म्हणजे एक मिलिमीटर अंतर कापायला कित्येक तास.

अडचण असते ती वाटेची. दुधाच्या नलिकांभोवती एक चिवट पातळ पडदा असतो आणि त्यापलीकडे कोलॅजनच्या तंतूंचं दाट जाळं. पेशीचं केंद्रक हा तिचा सगळ्यांत ताठ भाग. फट बारीक असली की तेच अडकतं. मग पेशी बोटांसारखे छोटे फुगवटे काढते, त्यांतून विकरं (एन्झाइम) सोडते आणि समोरचे तंतू विरघळवत जाते. या फुगवट्यांना इन्व्हॅडोपोडिया म्हणतात.

गाठीतल्या बहुसंख्य पेशी यातलं काहीच करत नाहीत, जागच्या जागी राहतात. मोजक्याच पेशी निघतात. त्या का निघतात, हे शोधताना संशोधक रोगप्रतिकारक पेशींपाशी येऊन पोचले.

पण या पेशी तर कर्करोग मारतात ना?

मारतात. टी-पेशी आणि नैसर्गिक मारक पेशी (एनके पेशी) दररोज हे काम करतात. घोळ आपल्या डोक्यातल्या चित्राचा आहे. शाळेपासून रोगप्रतिकारशक्तीला सैन्य म्हणायची सवय लागलेली असते आणि सैन्याला एकच काम, शत्रूला मारणं. प्रत्यक्षात या पेशींच्या कामांची यादी लांबलचक आहे. जखम भरून काढणं, मेलेल्या पेशी उचलणं, नव्या रक्तवाहिन्या फुटायला मदत करणं, वाढत्या अवयवाला वाट मोकळी करून देणं, ही सगळी त्यांची रोजची कामं. अमेरिकेतले पॅथॉलॉजिस्ट हॅरल्ड ड्वोरॅक यांनी १९८६ साली लिहिलं होतं की गाठ म्हणजे कधीच न भरणारी जखम. पेशींना तिथे जखम दिसते, मग त्या जखमेवरचं काम सुरू करतात. कर्करोगाला नेमकं तेच हवं असतं.

त्यांना फितूर वगैरे म्हणणं मला पटत नाही. त्या नेहमीचंच काम करत असतात, फक्त जागा आणि वेळ चुकीची असते.

मॅक्रोफेज म्हणजे कोण? निरोगी स्तनातही ते असतात का?

मॅक्रोफेज म्हणजे भक्षकपेशी. इल्या मेचनिकॉफ यांनी १८८२ साली इटलीतल्या मेसिना इथे तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा टोचला आणि त्याभोवती गोळा झालेल्या भटक्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. भक्षकपेशींच्या शास्त्राची सुरुवात तिथून धरतात. १९०८ साली त्यांना नोबेल मिळालं.

निरोगी स्तनात मॅक्रोफेज असतातच, आणि त्यांच्यावाचून अडतं. वयात येताना दुधाच्या नलिका चरबीत शिरत वाढतात, तेव्हा वाढत्या टोकांभोवती मॅक्रोफेज जमलेले असतात. ज्या उंदरांत मॅक्रोफेज फार कमी असतात, त्यांच्या नलिकांना फांद्याच नीट फुटत नाहीत. २००० साली जेफ्री पोलार्ड यांच्या गटाने हे दाखवून दिलं. बाळाचं दूध सुटलं की काम उलटं होतं. दूध बनवणाऱ्या बहुतेक पेशी मरतात आणि त्या साफ करून सगळी ऊती पुन्हा बसवायला मॅक्रोफेजच येतात.

दूध सुटतानाच्या या उलथापालथीकडे संशोधक गांभीर्याने बघतात. बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही वर्षांत निदान झालेला स्तनाचा कर्करोग जास्त पसरतो असं आढळलं आहे, आणि त्यामागे आवराआवरीच्या काळात बदललेलं कोलॅजन आणि मॅक्रोफेज असावेत असं उंदरांवरचे प्रयोग सांगतात. हे वाचून कोणी अंगावर पाजायची धास्ती घेऊ नये. एकूण आयुष्याचा हिशोब केला तर स्तनपानामुळे स्तनाच्या कर्करोगाचा धोका कमीच होतो.

मॅक्रोफेज आणि कर्करोगपेशी एकमेकांना ओढतात म्हणजे काय?

या विषयातला सगळ्यांत गाजलेला शोध हाच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात अल्बर्ट आइनस्टाइन कॉलेज ऑफ मेडिसिन आहे. पोलार्ड तेव्हा तिथेच होते. २००१ साली त्यांच्या गटाने स्तनाचा कर्करोग हमखास होणाऱ्या उंदरांत आणखी एक बदल केला. मॅक्रोफेज वाढवणारं सीएसएफ-१ नावाचं प्रथिन त्या उंदरांत बनतच नव्हतं. अपेक्षा अशी की गाठी लहान राहतील. गाठी नेहमीसारख्याच आल्या आणि वाढल्या. पण त्या आक्रमक व्हायला उशीर लागला आणि फुफ्फुसात पसरणं खूप कमी झालं. म्हणजे मॅक्रोफेज गाठ वाढवण्यापेक्षा ती पसरवायच्या कामाला लागले होते.

हे नेमकं कसं होतं, ते त्याच संस्थेतल्या जॉन कॉन्डिलिस आणि जेफ्री सेगल यांच्या गटांनी शोधलं. प्रयोग साधा, पण डोकेबाज. बेशुद्ध उंदराच्या गाठीत अगदी बारीक पोकळ सुया खुपसायच्या. सुयांत जेलीसारखं द्रव्य आणि त्यात ईजीएफ हे वाढीचं प्रथिन. ज्या पेशींना ईजीएफचा माग काढत चालता येतं, त्या आपणहून सुईत शिरतात. काही तासांनी सुया काढून आत कोण आलं ते मोजायचं. सुमारे तीन चतुर्थांश पेशी कर्करोगाच्या निघाल्या आणि उरलेल्या जवळजवळ सगळ्या मॅक्रोफेज. बोलावणं गेलं होतं एकीला, आल्या मात्र दोघी.

कारण असं. कर्करोगपेशी सीएसएफ-१ सोडते आणि मॅक्रोफेजवर ते ओळखणारा रिसेप्टर असतो. तो मॅक्रोफेज जवळ येतो आणि ईजीएफ सोडतो. ते ओळखणारा रिसेप्टर कर्करोगपेशीवर असतो, त्यामुळे ती मॅक्रोफेजकडे सरकते आणि सरकताना आणखी सीएसएफ-१ सोडते. दोघी एकमेकींच्या मागे चालत राहतात. २००४ साली छापून आलेल्या कामात या दोन रिसेप्टरपैकी कुठलाही एक बंद केला, तर दोन्ही प्रकारच्या पेशींचं चालणं मंदावलं. हे सगळं गाठीतल्या गाठीत, शेजारच्या शेजारी घडतं. रक्ताच्या तपासणीत त्याचा पत्ता लागत नाही.

हे कोणी डोळ्यांनी पाहिलं आहे का?

हो. जिवंत उंदराच्या स्तनातली गाठ मल्टिफोटॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायची आणि तासन्‌तास चित्रण करायचं. कर्करोगपेशींना चमकणाऱ्या प्रथिनाने एक रंग, मॅक्रोफेजना दुसरा. कोलॅजनला रंग द्यावाच लागत नाही, लेझर पडला की ते आपोआप उजळतं. त्यात दिसतं ते असं. बहुतेक पेशी जागेवर. काही मात्र कोलॅजनच्या ताणलेल्या तंतूंवरून एकामागोमाग, मध्ये मध्ये मॅक्रोफेज, अशा ओळीने रक्तवाहिनीकडे निघालेल्या. वाहिनीला चिकटून बसलेल्या मॅक्रोफेजपाशी एखादी पेशी थबकते, बारीक होते आणि भिंतीतून आत जाते. २००७ साली याच गटाने पेशी आत शिरताना टिपली, आणि पेशी आत शिरली ती मॅक्रोफेज होते त्याच जागी.

रक्तवाहिनीत शिरायच्या ठरावीक जागा असतात असं वाचलं. खरं का?

उंदरांत तर स्पष्टच. कर्करोगपेशी, वाहिनीला टेकलेला मॅक्रोफेज आणि वाहिनीच्या भिंतीची पेशी, या तिघी एकमेकींना खेटून असतात. या जागेला टीएमईएम म्हणतात. तिथल्या मॅक्रोफेजवर टाय-टू नावाचा रिसेप्टर भरपूर असतो आणि तो मॅक्रोफेज व्हीईजीएफ नावाचं प्रथिन सोडतो. त्याने भिंतीचा सांधा थोडा वेळ सैल होतो. तेवढ्यात पेशी आत. मग सांधा पुन्हा बंद. २०१५ साली छापून आलेल्या चित्रणात गळती फक्त अशाच जागी आणि फक्त थोडा वेळ दिसली. सगळी वाहिनी गळकी नव्हती.

माणसाच्या गाठीच्या काचपट्ट्यांवरही या तिघींचे पुंजके मोजता येतात. हार्मोन रिसेप्टर पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह प्रकारात (म्हणजे पेशींवर हार्मोन ओळखणारे रिसेप्टर असतात, पण हर-टू हे प्रथिन जास्त नसतं) पुंजके जास्त तर पुढे दूर पसरण्याची शक्यता जास्त, असा संबंध २०१४ साली दाखवला गेला. आपल्याकडच्या रोजच्या रिपोर्टमध्ये ही मोजणी नसते, त्यामुळे ती कुठे दिसली नाही म्हणून घाबरू नका.

मॅक्रोफेजना असं वागायला कोण सांगतं?

बरेच जण. गाठीतली प्राणवायूची कमतरता सांगते, कर्करोगपेशींनी टाकलेलं लॅक्टेट सांगतं, आणि टी-पेशीही सांगतात. हे शेवटचं ऐकून लोक दचकतात. २००९ साली लिसा कूसेन्स यांच्या गटाने उंदरांत दाखवलं की सीडी-४ प्रकारच्या (मदतनीस) काही टी-पेशी आयएल-४ हे रसायन सोडतात, आणि ते मिळालेले मॅक्रोफेज मारायचं सोडून दुरुस्तीच्या कामाकडे वळतात. मग ईजीएफ वगैरे सुरू. या टी-पेशी काढून टाकल्या तेव्हा गाठ तशीच राहिली, फुफ्फुसात पसरणं मात्र घटलं. आयएल-४ चं मूळ काम जंत आणि ॲलर्जीच्या प्रतिसादात. इथे त्याचा वेगळाच उपयोग होऊन बसतो.

मॅक्रोफेज आणि कर्करोगपेशी दोघीही बनवतात असं आणखी एक प्रथिन म्हणजे ऑस्टिओपाँटिन. त्यावर पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात, म्हणजे एनसीसीएसमध्ये, बरंच काम झालं आहे.

न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, कुठल्या बाजूचे?

दोन्ही बाजूंचे, आणि हे टाळाटाळीचं उत्तर नाही.

पसरण्याला मदत करणारी बाजू आधी. न्यूट्रोफिल जंतूंना पकडण्यासाठी आपला डीएनए बाहेर फेकून जाळी टाकतात. या जाळीवर प्रथिनं कापणारी विकरं चिकटलेली असतात. न्यूयॉर्कजवळच्या कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेत २०१८ साली असं दिसलं की उंदराच्या फुफ्फुसात तंबाखूच्या धुराने किंवा जंतूंच्या विषाने दाह झाला, न्यूट्रोफिलनी जाळ्या टाकल्या, की त्यांवरची विकरं लॅमिनिन नावाचं प्रथिन एका विशिष्ट जागी कापतात. ते कापलेलं लॅमिनिन शेजारी झोपी गेलेल्या स्तनाच्या कर्करोगपेशींना जागं करतं. २०१९ साली स्वित्झर्लंडमधल्या बासेलच्या गटाने स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांच्या रक्तात कर्करोगपेशीला बिलगून फिरणारे न्यूट्रोफिल शोधून काढले. अशी जोडी असेल तर ती कर्करोगपेशी जास्त वेगाने विभागते.

आता दुसरी बाजू. २०११ साली उंदरांत असं दिसलं की मूळ गाठ अजून स्तनात असताना तिच्यामुळे तयार झालेले न्यूट्रोफिल फुफ्फुसात जाऊन तिथे येणाऱ्या कर्करोगपेशींना हायड्रोजन पेरॉक्साइडने मारतात. म्हणजे तीच पेशी, तेच फुफ्फुस आणि परिणाम नेमका उलटा. फरक वेळेचा आणि आजूबाजूच्या रसायनांचा. म्हणूनच सीबीसीच्या (रक्तपेशी मोजणाऱ्या तपासणीच्या) रिपोर्टमध्ये न्यूट्रोफिल वाढलेत का कमी झालेत यावरून कर्करोग पसरतोय का हे ठरवायला जाऊ नका.

रक्तात शिरल्यावर किती पेशी टिकतात?

फारच थोड्या. रक्ताच्या धक्क्याने फाटतात, कुठे तरी अडकून मरतात आणि एनके पेशींच्या तावडीत सापडतात. एकेकटी पेशी एनके पेशींना सोपी जाते. यकृतात तर एनके पेशी आलेल्या कर्करोगपेशींना वर्षानुवर्षं निद्रिस्त ठेवू शकतात, असं २०२१ सालच्या कामातून उंदरांत दिसलं. यकृतातल्याच स्टेलेट नावाच्या आधारपेशी चिडल्या की एनके पेशींचा हा पहारा ढिला पडतो. उपचारांनंतर दहा वर्षांनी कर्करोग परत का येतो, याचं उत्तर शोधणाऱ्यांचं म्हणून यकृताकडे बारीक लक्ष असतं.

फुफ्फुस, हाडं, यकृत, हीच ठिकाणं का?

१८८९ साली लंडनच्या स्टीफन पॅजेट यांनी स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी तपासल्या आणि म्हटलं की पेशी सगळीकडे पोचत असतील, पण ठरावीक अवयवांतच त्यांना रुजायला पोषक वातावरण मिळतं. यामागची एक यंत्रणा २००१ साली हाती लागली. रोगप्रतिकारक पेशी शरीरात हिंडताना केमोकाइन नावाच्या रसायनांचा माग काढतात. स्तनाच्या कर्करोगपेशींवर सीएक्ससीआर-४ हा असाच केमोकाइन ओळखणारा एक रिसेप्टर सापडला. त्याला ओढणारं रसायन फुफ्फुस, यकृत, अस्थिमज्जा आणि लसिका ग्रंथींत भरपूर असतं. म्हणजे रोगप्रतिकारक पेशींची वाट शोधायची पद्धतच कर्करोगाने उचलली.

फुफ्फुसात उतरतानाही मदतनीस लागतात. तिथे कर्करोगपेशी सीसीएल-२ हे केमोकाइन सोडून रक्तातल्या मोनोसाइटना (ज्यांच्यापासून मॅक्रोफेज बनतात त्या पेशींना) बोलावतात, आणि ते रक्तवाहिनीच्या भिंतीतून बाहेर पडायची वाट करून देतात.

हाडांचं इतकं का घेऊन बसलात?

मी बसलो नाही, कर्करोगच बसतो. स्तनाचा कर्करोग दूर पसरतो तेव्हा हाड हे सर्वांत नेहमीचं ठिकाण. हाडात ऑस्टिओक्लास्ट नावाच्या पेशी असतात. जुनं हाड विरघळवणं हे त्यांचं काम आणि त्या मॅक्रोफेजच्याच घराण्यातल्या. कर्करोगपेशी तिथे पोचली की अशी रसायनं सोडते की ऑस्टिओक्लास्ट जोरात हाड खाऊ लागतात. हाडात साठलेलं टीजीएफ-बीटा हे वाढीचं प्रथिन त्यामुळे मोकळं होतं, ते कर्करोगपेशीला वाढवतं, ती आणखी ऑस्टिओक्लास्ट जागे करते. दुखणं, हाड मोडणं, रक्तात कॅल्शियम चढणं हे सगळं यातूनच होतं.

या एका ठिकाणी मात्र विज्ञान थेट दवाखान्यात पोचलं आहे. झोलेड्रॉनिक ॲसिडसारखी बिस्फॉस्फोनेट औषधं आणि डेनोसुमॅब ऑस्टिओक्लास्टनाच आवरतात. २०१५ साली १८,७६६ स्त्रियांच्या चाचण्या एकत्र करून पाहिलं, तेव्हा पाळी गेलेल्या स्त्रियांत बिस्फॉस्फोनेटमुळे दहा वर्षांत हाडांत कर्करोग परतण्याचं प्रमाण ८.८ टक्क्यांवरून ६.६ टक्क्यांवर आलं. पाळी चालू असलेल्यांत असा फायदा दिसला नाही. हे इंजेक्शन सुचवलं गेलं तर सुरू करण्याआधी दातांची तपासणी आवर्जून करून घ्या. जबड्याच्या हाडाचा एक विरळा, पण वाईट दुष्परिणाम असतो.

काखेतल्या लसिका ग्रंथी तर रोगप्रतिकारक पेशींनीच भरलेल्या असतात. तिथे कर्करोग कसा जगतो?

काखेतली लसिका ग्रंथी ही टी-पेशींना ओळख पटवून देण्याची जागा. कर्करोग तिथे पोचतो तेव्हा अनेकदा आजूबाजूच्या पेशी आधीच दबलेल्या असतात. इतरांना आवरणाऱ्या नियंत्रक टी-पेशी वाढलेल्या, मारणाऱ्या टी-पेशी थकलेल्या. २०१८ साली दोन गटांनी उंदरांत दाखवलं की ग्रंथीत पोचलेल्या पेशी तिथल्या रक्तवाहिन्यांतून पुढे फुफ्फुसातही जाऊ शकतात. माणसांत सगळ्याच कर्करोगपेशी असं करतात असं नाही, बऱ्याचदा स्तनातूनच थेट रक्तात वाट असते.

सुई टोचली की गाठ पसरते, "लोखंड लागलं की चेकाळते" असं आजी म्हणते. त्यात तथ्य आहे का?

महाराष्ट्रात घरोघरी ऐकू येणारा हा समज. आजीला उडवून लावू नका, कारण तिच्या काळात बहुतेक बायका डॉक्टरकडे जायच्या तेव्हा आजार पार पुढे गेलेला असायचा, आणि ऑपरेशननंतर काही महिन्यांत त्या दगावलेल्या तिने पाहिलेल्या असतात. दोष सुरीवर आला. ट्रुकट बायोप्सीने (जाड सुईने गाठीचा तुकडा काढण्याने) सुईच्या वाटेत काही पेशी सांडू शकतात, पण त्यामुळे जगण्याची शक्यता कमी होते असं दिसलेलं नाही. बायोप्सीशिवाय कुठलं औषध द्यायचं हेच ठरत नाही. तीन महिने जडीबुटीत घालवणं मात्र खरोखर महागात पडतं.

शस्त्रक्रियेनंतरच्या दाहाचा प्रश्न वेगळा, आणि तो शास्त्रज्ञ गांभीर्याने घेतात. २०१८ साली केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स इथल्या रॉबर्ट वाइनबर्ग यांच्या गटाने उंदरांत दाखवलं की अंगावर कुठेही जखम झाली तर ती भरून काढताना रक्तात वाढणाऱ्या पेशींमुळे दुसरीकडे टी-पेशींनी आवरून धरलेली गाठ मोकाट सुटू शकते. शस्त्रक्रियेच्या सुमारास मेलॉक्सिकॅम हे साधं दाहशामक दिलं तर हा परिणाम घटला. हे उंदीर आहेत. घरच्या घरी गोळी सुरू करायची नाही.

माणसांतला यातला सगळ्यांत लक्षवेधी प्रयोग मुंबईचा. टाटा मेमोरियल सेंटरच्या डॉ. राजेंद्र बडवे यांच्या नेतृत्वाखाली भारतातल्या ११ केंद्रांत शस्त्रक्रियेआधी काही मिनिटं गाठीभोवती ०.५ टक्के लिडोकेनचं इंजेक्शन दिलं गेलं. तेच, दात काढताना देतात ते. १,५८३ स्त्रियांच्या नोंदी २०२३ साली प्रसिद्ध झाल्या. पाच वर्षांनी जिवंत असणाऱ्यांचं प्रमाण इंजेक्शन घेतलेल्यांत ९०.१ टक्के, न घेतलेल्यांत ८६.४ टक्के. तर्क असा की कापाकापीच्या क्षणी पेशींना मिळणारे संकेत, त्यात चालायला लावणारेही, लिडोकेनने रोखले जात असावेत. इतक्या स्वस्त औषधाने एवढा फरक पडला, तरी त्याचा गवगवा महागड्या औषधांइतका झाला नाही याची मला खंत वाटते.

केमोमुळेच कर्करोग पसरतो असा व्हिडिओ पाहिला. केमो थांबवू का?

नाही. त्या व्हिडिओंच्या मागे बहुधा २०१७ सालचा एक निबंध असतो. त्यात शस्त्रक्रियेआधी पॅक्लिटॅक्सेल हे केमोचं औषध दिल्यावर उंदरांत आणि थोड्या रुग्णांच्या गाठींत वर सांगितलेले टीएमईएम पुंजके वाढल्याचं दिसलं होतं. केमोने ऊती दुखावते, दुखावलेल्या ऊतीत मॅक्रोफेज येतात, हे तर्काला धरूनच आहे. पण रुग्णाला शेवटी काय झालं ते पाहा. शस्त्रक्रियेआधी आणि नंतर केमो देण्याची तुलना करणाऱ्या १० चाचण्या, ४,७५६ स्त्रिया, आणि दूर पसरण्यात किंवा मृत्यूत फरक नाही. निबंधाच्या लेखकांचं म्हणणंही असं की केमोसोबत टाय-टू रोखणारं औषध देता येईल का ते पाहावं. केमो बंद करा असं त्यांनी कुठेही म्हटलेलं नाही.

मग मॅक्रोफेज थांबवणारं औषध का देत नाहीत?

दिलं. सीएसएफ-१ चा रिसेप्टर रोखणारं पेक्सिडार्टिनिब २०१९ साली अमेरिकेत मंजूर झालं, पण सांध्यांतल्या एका वेगळ्या गाठीसाठी. स्तनाच्या कर्करोगात या कुळातल्या औषधांनी आतापर्यंत निराशाच केली. मॅक्रोफेज सरसकट काढले तर चांगले मॅक्रोफेजही जातात, हे एक कारण.

दुसरं कारण जास्त बोलकं आहे. सीसीएल-२ रोखलं तर उंदरांत पसरणं घटतं हे कळल्यावर सगळ्यांना उत्साह आला. २०१४ साली बासेलच्या गटाने तेच औषध देऊन मध्येच बंद करून पाहिलं. अस्थिमज्जेत अडकून पडलेले मोनोसाइट एकदम बाहेर आले, फुफ्फुसातला कर्करोग आधीपेक्षा वेगाने वाढला आणि उंदीर लवकर मेले. औषध सुरू कसं करायचं याइतकंच ते थांबवायचं कसं, हेही आधी कळायला हवं.

इम्युनोथेरपी मग काय करते?

ती चालण्याच्या भानगडीत न पडता टी-पेशींचा ब्रेक काढते. ट्रिपल निगेटिव्ह (दोन्ही हार्मोनचे रिसेप्टर आणि हर-टू, तिन्ही नसलेला) प्रकार भारतात पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त आढळतो. त्यात, दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्यातल्या गाठींसाठी, केमोसोबत पेम्ब्रोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध दिल्यावर पाच वर्षांनी जिवंत असणारे ८६.६ टक्के, नुसत्या केमोवर ८१.७ टक्के. थायरॉइड, आतडी, अधिवृक्क (ॲड्रिनल) ग्रंथी यांवर टी-पेशी उलटू शकतात, कधीकधी कायमच्या. आणि किंमत बहुतेक घरांच्या आवाक्याबाहेरची.

प्रतिकारशक्ती वाढवणारी पावडर, काढा, गोळ्या घेऊ का?

वाढवायची कोणती? आयएल-४ सोडणाऱ्या टी-पेशी? जाळी टाकणारे न्यूट्रोफिल? वर जे वाचलं त्यानंतर "इम्युनिटी बूस्टर" या पाटीला काही अर्थ उरतो का ते तुम्हीच पाहा. काही काढ्यांनी यकृतावर ताण येतो, आणि केमोच्या औषधांचा निचरा बराचसा यकृतातूनच होतो. घेत असाल तर लाजून लपवू नका, डॉक्टरांना सांगा. पुरेसं खाणं, प्रथिनं, झोप आणि झेपेल तेवढं चालणं यांना कोणाची हरकत नाही. तंबाखू आणि मिश्री मात्र बंदच.

प्रयोगशाळेत पेशींचं चालणं मोजतात कसं?

सोपी पद्धत ओरखड्याची. ताटलीत पेशींचा सलग थर वाढवायचा, पिपेटच्या टोकाने मधोमध एक रेघ ओढायची आणि ती रेघ किती तासांत भरून येते ते पाहायचं. दुसरी पद्धत १९६२ साली स्टीफन बॉयडेन यांनी काढली. दोन कप्पे, मध्ये बारीक छिद्रांचा पडदा, वर पेशी, खाली ओढणारं रसायन. खालच्या कप्प्यात मॅक्रोफेज ठेवले की वरच्या कर्करोगपेशी जास्त संख्येने उतरतात. यासाठी जगभर एमडीए-एमबी-२३१ नावाच्या पेशी वापरतात. १९७० च्या दशकात टेक्ससमधल्या एका रुग्णाच्या छातीतल्या पाण्यातून त्या काढल्या होत्या.

बातमीत "शास्त्रज्ञांनी कर्करोगाचं पसरणं थांबवलं" असं आलं की आधी पाहा, ताटलीत की उंदरात की माणसात. बहुतेकदा ताटलीत.

माझ्या पॅथॉलॉजी रिपोर्टमध्ये यातलं काही दिसतं का?

दोन गोष्टी शोधा. एक, "लिम्फोव्हॅस्क्युलर इन्व्हेजन". म्हणजे गाठीच्या कडेच्या लसिकावाहिनीत किंवा रक्तवाहिनीत कर्करोगपेशी दिसल्या का. असल्या तर निघालेल्या पेशी वाहिनीपर्यंत पोचल्या होत्या, पण पुढे कुठे रुजल्या असा याचा अर्थ होत नाही. दुसरी, "टीआयएल", म्हणजे गाठीत शिरलेल्या लिम्फोसाइटचं (टी-पेशींसारख्या रोगप्रतिकारक पेशींचं) शेकडा प्रमाण. ट्रिपल निगेटिव्ह आणि हर-टू पॉझिटिव्ह प्रकारांत हे जास्त असेल तर सहसा चांगलं लक्षण. हार्मोन पॉझिटिव्ह प्रकारात त्याचा अर्थ इतका सरळ लागत नाही. बऱ्याच लॅब टीआयएल आपणहून लिहीत नाहीत, पण पॅथॉलॉजिस्टला विचारलं तर जुन्याच काचपट्टीवर ते मोजता येतं. नव्याने सुई टोचावी लागत नाही.